बा. गो. : पणजोबांच्या औषधपेटीच्या नोंदी

८ जून

सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घराच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी आज खाली उतरवली. दादा शिडीवर, मी खाली. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा या घरात पुरुषभर पाणी होतं. खालच्या खोल्यांतलं काही उरलं नाही. ही पेटी माळ्यावर होती म्हणून राहिली.

पेटी पणजोबांची. गणपती पेठेत त्यांचं काष्ठौषधी आणि किराणा मालाचं दुकान होतं, आणि बाहेरगावच्या तयार औषधांची एजन्सीही ते चालवत, एवढंच घरात ऐकलेलं. मी स्वतः मेडिकल चालवते, म्हणजे धंदा तोच. म्हणून हे काम मीच करायचं ठरवलं. सगळं मोजायचं, नोंदवायचं, आणि २५ सप्टेंबरला, औषधनिर्माते दिनाला, माझ्या जुन्या शाळेत एक दिवस टेबलावर मांडायचं. रविवारची दुपार एवढाच वेळ आहे.

मोजदाद : बाटल्या १४, पत्र्याच्या डब्या ९, छापील पत्रकं ११, व्ही. पी. च्या (टपालाने आलेल्या मालाच्या) पावत्यांची एक गठडी, रोजकीर्दी २, खतावण्या ३, आणि एक पितळी तराजू. एकूण ४१. तराजूच्या डबीत वजनं नाहीत, गुंजा आहेत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्यातल्या दहा गुंजा माझ्या डिजिटल काट्यावर ठेवल्या, १.२ ग्रॅम भरल्या. शंभर वर्षं डबीत पडून असलेल्या बियांचं वजन पुस्तकातल्या आकड्याशी जुळलं याचा फार आनंद झाला.

१५ जून

वह्या मोडीत आहेत. शके १८३३ ते १८३९, म्हणजे १९११ ते १९१८. मला मोडी येत नाही. दप्तरखान्यात नोकरी केलेले एक काका शेजारच्या गल्लीत राहतात, ते दर रविवारी तासभर बसायला तयार झाले. त्यांनी आधी रकमा शिकवल्या : पावलीला उभी रेघ, आण्याला आडवी. “अक्षरं मागाहून, आधी पैसे वाच. व्यापाऱ्याची वही पैशांनी बोलते,” म्हणाले. शब्द सलग लिहिलेले असतात, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसतो, आणि रोजचा माल तर आद्याक्षरांनीच लिहिलेला. सुं. म्हणजे सुंठ, हि. म्हणजे हिरडा, जे. म. म्हणजे जेष्ठमध. बा. गो. असं दर दोन पानांवर येतं. मी त्यापुढे ‘बाभळीचा गोंद’ असं लिहून घेतलं.

तयार औषधांची नावं मात्र पूर्ण आहेत, कारण ती नवी होती. होलोवेच्या गोळ्या. क्लोरडाईन. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या. डोंगरे बालामृत. अमृतांजन. आणि कितीतरी नावं अशी की ती कुठली, कुणाची, हे आता कळायला मार्ग नाही : ‘तापाची बाटली, मुंबई’, ‘दम्याचा धूर’.

२२ जून

आज ‘पेटंट’ या शब्दाचा निकाल लावला. शाळेतल्या मुलांना हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

पेटंट औषधांपैकी बहुतेकांना पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर औषधात काय आहे ते सरकारदरबारी लिहून द्यावं लागतं, आणि मुदत संपली की ते सगळ्यांचं होतं. या धंद्याचा तर सगळा जीव गुपितात. इंग्लंडमध्ये फार पूर्वी काहींना राजाचं पेटंट मिळालं होतं, त्यावरून नाव पडलं ते चिकटलं. विकलं जायचं ते नाव, डबीवरचा छाप आणि झाकलेला पाठ, म्हणजे औषधाची कृती.

पत्रकांपैकी सहांवर ठळक अक्षरात आहे : ‘सरकारांत रजिस्टर केलेले’. मला वाटत होतं ही उघड थाप असेल. तशी ती नाही. आपल्याकडे ट्रेडमार्कचा कायदा १९४० साली झाला. त्याआधी व्यापारी काय करत, तर हा छाप माझा आहे असं प्रतिज्ञापत्र नोंदणी कायद्याखाली नोंदवून ठेवत, जसं खरेदीखत नोंदवतात तसं. म्हणजे ‘रजिस्टर’ खरं होतं. पण नोंदणी झाली होती ती चित्राची आणि नावाची. आत काय आहे ते सरकारातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. वाचणाऱ्याला मात्र वाटायचं, सरकारने औषध पारखून शिक्का मारलाय. शब्द खरा आणि समजूत खोटी, अशी ही मांडणी मला उघड थापेपेक्षा जास्त वाईट वाटते.

इंग्लंडमध्येही हेच होतं. १७८३ पासून तिथे औषधाच्या डबीवर सरकारी कराचा स्टँप लागायचा आणि लोक तो हमीचा शिक्का समजत.

२९ जून

व्ही. पी. च्या गठडीवर दिवस गेला. पावत्या उलगडताना कडा पिठासारख्या सुटतात. आधी दमट टिपकागदात ठेवून मग उघडायच्या. सतरा उघडल्या, तीन फाटल्या.

ही गठडी नसती तर धंदा कसा चालला ते मला समजलं नसतं. हिंदुस्थानच्या टपालात व्हॅल्यू पेएबल पोस्ट १८७७ साली सुरू झालं. माल घरी येतो, पोस्टमनच्या हातात पैसे द्यायचे, ते पैसे टपालखातं विकणाऱ्याला पोचवतं. अनोळखी गावच्या अनोळखी माणसाकडून वस्तू मागवायची भीती एका झटक्यात गेली. जाहिरातीत शेवटी ‘ट. ह. निराळें’ असायचं, टपाल हंशील वेगळं. एका रुपयाच्या बाटलीला चार-सहा आणे त्यातच जात. म्हणून पणजोबांसारखे एजंट : डझनाने मागवायचं, खर्च वाटून घ्यायचा, आणि बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या माणसाला सुटी बाटली विकायची.

पावत्यांवरची गावं वाचताना आणखी एक लक्षात आलं. सांगली संस्थान पटवर्धनांचं. मिरजेत दुसरे पटवर्धन, बुधगावात मिरजेच्या धाकट्या पातीचे. तासगाव मात्र इंग्रजी अमलातलं, सातारा जिल्ह्यातलं. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० ला सांगली. दहा-पंधरा मैलांत तीन-चार राज्यांचे कायदे. टपाल मात्र सगळीकडे एकच. डबीला हद्द लागत नव्हती.

६ जुलै

आज आषाढी. मेडिकल दुपारीच बंद केलं, घरी शांतपणे हिशेब केला.

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली एक पुस्तक छापलं, ‘सीक्रेट रेमेडीज’. बाजारातल्या गुप्त औषधांचं रासायनिक पृथक्करण करून आत काय आहे आणि त्याला खरा खर्च किती, हे त्यात नावानिशी दिलं. बीचमच्या गोळ्यांची जाहिरात होती ‘एका डबीचं मोल एक गिनी’. किंमत १ शिलिंग दीड पेनी, त्यातली दीड पेनी म्हणजे तोच स्टँप. डबीत ५६ गोळ्या. आत निघालं कोरफडीचा बोळ (काळा बोळ), सुंठ आणि साबण. सगळ्या ५६ गोळ्यांच्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. शिलिंगचे बारा पेनी, एका पेनीचे चार फार्दिंग, म्हणजे विक्रीची किंमत मालाच्या १०८ पट. तेव्हाच्या दराने शिलिंगचे बारा आणे. बारा आण्यात काळा बोळ आणि सुंठ पणजोबांच्या दुकानात किती आली असती ते त्यांच्याच वहीवरून काढता येईल. काढणार आहे.

तरी गोळीने पोट साफ व्हायचं, हे खरं आहे. काळा बोळ सारक आहेच. गुण यायचा, म्हणून माणूस पुन्हा घ्यायचा. फसवणूक होती ती त्याच गोळीने यकृत, डोकेदुखी, झोप, त्वचा असं सगळं बरं होतं असं सांगण्यात.

क्लोरडाईनचं तर त्याहून वेगळं. इंग्रजी फौजेतल्या जॉन कॉलिस ब्राउन या डॉक्टरने १८४८ च्या सुमारास हिंदुस्थानात असताना ते बनवलं, पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर. अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. पटकीचं मूळ त्याने जात नाही, पण अफूने हगवण आवळते आणि पोटातली कळ थांबते. ज्या घरात रात्री पटकी लागली आणि सकाळपर्यंत डॉक्टर येणार नाही, त्या घराला ती बाटली देवासारखी वाटली असेल. पणजोबांच्या गिऱ्हाइकांना मी मूर्ख म्हणणार नाही. मिरजेला डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून होतं, सांगलीहून सहा-सात मैल. सांगलीवाल्याला ते जवळ. जत, आटपाडीकडच्या माणसाला बैलगाडीने दोन-तीन दिवस. कोण डॉक्टर आणि कोण नाही हे ठरवणारा मुंबई इलाख्याचा नोंदणी कायदा १९१२ साली आला, तोही संस्थानाबाहेर.

१३ जुलै

बा. गो. मध्ये काहीतरी चुकतंय.

गोंद शेरावर, अच्छेरावर, फार तर तोळ्यावर विकतात. बाकी काष्ठौषधींपुढे वजन आहे. बा. गो. पुढे सगळीकडे नग आहेत. ‘नग १२’, ‘नग ६’, ‘नग ३’. खरेदीच्या बाजूला ‘ग्रोस १’, म्हणजे बारा डझन. गोंद कुणी ग्रोसाने घेत नाही.

काकांना दाखवलं. ते बराच वेळ पान धरून बसले. मग विचारलं, “तुमच्याकडे लहान मुलांच्या औषधांची खतावणी वेगळी आहे का?” आहे. तिसरी वही, लाल कापडाची, मी अजून उघडली नव्हती.

२० जुलै

लाल वहीत पहिल्या पानावर पूर्ण नाव आहे. बाळगोळी.

पाच आठवडे मी ‘बाभळीचा गोंद’ लिहीत होते. तक्त्यातल्या ६३ ओळी दुरुस्त केल्या. चुकीच्या ओळी खोडून वर लिहिलंय, पुसलं नाही, म्हणजे पुढे कुणी तक्ता तपासला तर चूक कुठे झाली ते दिसेल.

बाळगोळी म्हणजे काय हे आजच्या मुलांना सोडा, माझ्या वयाच्या बायकांनाही सांगावं लागेल. अफू, त्यात जायफळासारखं काहीतरी, आणि बांधायला गूळ किंवा डिंक. मुगाएवढी गोळी. आईच्या दुधात उगाळून बाळाला चाटवायची. बाळ झोपतं आणि आईला कामाला जाता येतं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत गिरणीत राबणाऱ्या बायकांची पाहणी डॉ. बार्न्स या बाईंनी केली, तेव्हा त्यांना अशा बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. आपल्याकडे गिरण्या कमी, पण शेत होतं. सांगलवाडीहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींना सहज विचारलं, तर म्हणाल्या, “आमची आज्जी सांगायची ताई, भांगलायला जाताना लेकराला गोळी चाटवायची आन् बांधाला निजवायचं. सांजच्यापत्तुर गप.”

२७ जुलै

कोयनेतून विसर्ग वाढवलाय. पेटी पुन्हा माळ्यावर. वह्या प्लास्टिकमध्ये बांधून मिरजेला बहिणीकडे पाठवल्या. आज दुसरं काही नाही.

३ ऑगस्ट

पाणी उतरलं. आज आत्याकडे गेले. ती ८६ वर्षांची, पणजोबांची नात. तिला बाळगोळीचं विचारायला गेले आणि दोन तास बाळगुटीचं ऐकून आले. पण त्यातच मला जे हवं होतं ते सापडलं.

तिने सहाण काढली. मधोमध घासून खोलगट झालेली. फडक्यातून एकेक जिन्नस काढून ओळीने मांडला : हळकुंड, वेखंड, सुंठ, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, काकडशिंगी, अतिविष, जेष्ठमध, खारीक, बदाम. प्रत्येकाचे वेढे वेगळे. “जायफळाचा एकच, नाहीतर पोर गुंगून पडेल. पोट बिघडलं की मुरुडशेंगेचा एक वाढवायचा. शी घट्ट झाली की हिरड्याचा.” हे सांगताना तिचा हात सहाणेवर फिरत होता, थेंबभर पाण्यात. हळकुंडाचा पिवळा, हिरड्याचा मातकट, बदामाचा दुधाळ. वाटीत बोटभर चाटण झालं तेव्हा त्यात काय आहे, किती आहे, हे मला बघून बघून पाठ झालं होतं.

मी विचारलं, “आणि गोळी?”

“गोळी दुकानातनं यायची. ती काळी. उगाळली तरी काळीच. तिच्यात काय हे कुणाला ठाऊक?”

घरगुती म्हणून सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही. औषधनिर्माती म्हणून ते मी म्हणूच शकत नाही. वेखंडातल्या बीटा-असारोनमुळे अमेरिकेने १९६८ सालीच ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली, आणि आत्यालाही मी सांगितलं की आता वेखंड तान्ह्या बाळाला देऊ नये. पण सहाणेवर उगाळणारी बाई प्रत्येक मुळी ओळखत होती. चूक झाली तर कुठल्या वेढ्याची, हे ती शोधू शकत होती. तयार गोळीने हे हातातून काढून घेतलं. बाळ जास्त झोपतंय, दूध ओढत नाही, तर काय कमी करायचं? अर्धी गोळी? कशाची अर्धी? दोन डब्यांतल्या गोळ्यांत अफू सारखीच आहे याची तरी खात्री कुठे होती? अफूने श्वास मंदावतो, आणि तान्ह्या जिवाला त्यातला फरक पेलत नाही. भूकही झाकली जाते. रडत नाही म्हणजे बरं आहे असं वाटत राहतं आणि मूल वाळत जातं.

टेबलावर सहाण आणि डबी शेजारी शेजारी ठेवायची. एवढं आज पक्कं झालं.

१० ऑगस्ट

डबी क्रमांक ७. अंगठ्याएवढी, गोल, झाकणावर पाळण्यातल्या बाळाचं चित्र. रंग उडालाय, पण बाळाच्या गालावरचा गुलाबी ठिपका अजून आहे. बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी गंजात गेली आहे. आत गोळी एकही नाही, बुडाच्या कडेला काळपट थर आहे.

एका फार्मसी कॉलेजात शिकवणारी मैत्रीण आहे. तिच्या प्रयोगशाळेत बसून तो थर खरवडला, बाजरीच्या दोन दाण्यांएवढा निघाला. पाण्यात भिजवून गाळला. अफूत मेकॉनिक आम्ल असतं, ते फेरिक क्लोराईडबरोबर गडद लाल रंग देतं. जुनी, सोपी चाचणी. पहिला थेंब पडला आणि चिनीमातीच्या खोलगट ताटलीत रक्तासारखा रंग आला. मैत्रीण म्हणाली, थांब, लाल रंग ॲसिटेटनेही येतो, थायोसायनेटनेही येतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं. ॲसिटेटचा रंग गेला असता, हा राहिला. दुसऱ्या खळग्यात मर्क्युरिक क्लोराईड. थायोसायनेटचा रंग गेला असता. हाही राहिला. उरलेल्या थेंबावर ड्रॅगेनडॉर्फचं द्रावण, नारिंगी-तपकिरी साका बसला. म्हणजे अल्कलॉइड आहे, अफूतलं मॉर्फिन त्याच वर्गातलं.

होता तेवढा थर चाचणीतच संपला, ते बरंच झालं, ठेवून घ्यायची ती वस्तू नव्हे. दोघी बराच वेळ काही बोललो नाही. झाकणावर त्या बाळाचं चित्र, आणि एक अक्षर कुठे अफूचं नाही. चाचणीची पद्धत आणि निरीक्षणं वेगळ्या कागदावर सही-तारखेसह लिहून ठेवली.

अमेरिकेतही अशीच एक बाटली घरोघरी होती, मिसेस विन्स्लोचं सूदिंग सिरप, आत मॉर्फिन. १९०६ च्या कायद्याने तिथे अफू, मॉर्फिन, मद्य, क्लोरोफॉर्म असल्यास लेबलावर लिहिणं सक्तीचं केलं. बंदी नाही घातली. नाव लिहा, एवढंच म्हटलं. आईला निदान ते वाचता आलं, किंवा कुणाकडून वाचून घेता आलं. पणजोबांची ग्रोसाची खरेदी याच्या नंतरची आहे.

१७ ऑगस्ट

दादाशी बोलणं झालं. त्याचं म्हणणं, बाटल्या मांड, तराजू मांड, बाळगोळीची डबी नको. “आपल्या माणसाचं नाव आहे त्या वहीवर. तेव्हा सगळेच विकत होते. आज शाळेतली पोरं काय म्हणतील?”

त्याचं दुखणं मला समजतं. पण चांगलं तेवढं मांडायचं तर मीही पेटंटवाल्यांसारखंच केलं, झाकणावर चित्र आणि आत काय ते गुलदस्त्यात. तो चिडून गेला. रात्री परत फोन केला, “वही मी धरून बसीन टेबलापाशी, कुणी उलगडून फाडायला नको.” एवढंच म्हणाला.

२४ ऑगस्ट

पत्रकांचं काम. अकरांपैकी चार स्वदेशी कारखान्यांची आहेत, आणि त्यांना एका मापाने मोजून चालणार नाही. पनवेलचं धूतपापेश्वर १८७२ चं, मुंबईत अमृतांजन १८९३ ला निघालं, झंडू १९१० ला. आसवं, अरिष्टं, च्यवनप्राश यांचे पाठ ग्रंथांत दिलेले आहेत, कुठलाही वैद्य ते उघडून बघू शकतो. तो माल बाटलीत भरला तरी गुप्त होत नाही. गुपित सुरू होतं ते मनाने ठेवलेल्या नावाच्या बाटलीत, जिचा पाठ फक्त मालकाला ठाऊक. दोन्ही प्रकार एकाच कपाटात, एकाच ‘आयुर्वेदिक’ शब्दाखाली उभे होते. गिऱ्हाइकाने फरक कसा करायचा?

पत्रक क्रमांक ४ वर एका बाटलीने बरे होणारे ३७ रोग छापलेत. मधुमेह, अपस्मार, क्षय, प्लेग, मूतखडा, पांढरे डाग, नपुंसकत्व, मोतीबिंदू. खाली सहा प्रशस्तिपत्रं, सगळी एकाच भाषेत, एकाच हाताची वाटावीत अशी. ‘गुण न आल्यास पैसे परत’. पैसे परत मागायला पत्र टाकायचं कुणी, आणि कुठल्या पत्त्यावर?

१९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याला जोडलेली ५४ रोगांची यादी शेजारी ठेवली. या रोगांवर अमुक औषध अक्सीर असं जाहिरातीत म्हणताच येत नाही. ३७ पैकी १४ रोग त्या यादीत सापडले. यादी करणाऱ्यांसमोर अशीच पत्रकं असणार. त्याआधी कर्नल रामनाथ चोप्रांची समिती १९३० साली नेमली गेली, बाजारातल्या भेसळीवर तिचा अहवाल १९३१ ला आला, औषधांचा कायदा व्हायला १९४० उजाडलं, आणि आयुर्वेदिक औषधं त्या कायद्याच्या कक्षेत यायला १९६४.

काल काउंटरवर एक गृहस्थ मोबाईलवर जाहिरात दाखवत होते, साखर मुळापासून घालवणारं चूर्ण, घटकांच्या जागी ‘२१ दुर्मीळ वनस्पती’. मी म्हटलं, त्या एकवीसांची नावं विचारा, दिली तर मला आणून दाखवा. चालू असलेली गोळी मात्र बंद करू नका. ते पुन्हा आले तर इथे लिहीन.

३१ ऑगस्ट

गणपती. काम नाही. ते गृहस्थ आले होते. नावं मिळाली नाहीत, चूर्ण मागवलं नाही.

७ सप्टेंबर

काकांबरोबर शेवटची रोजकीर्द. दुकानाच्या जमाखर्चानंतर मागे घरखातं आहे. ज्वारी, गूळ, रॉकेल, धोबी. शके १८३६, मार्गशीर्षापासून पुढे दर पंधरा दिवसांनी : ‘घरीं, बा. गो. नग ६’. सात वेळा. मग नाही.

काकांनी पान माझ्याकडे वळवलं आणि चष्मा काढून ठेवला.

पणजोबा ती घरी नेत होते, स्वतःच्या मुलासाठी. माल वाईट आहे हे ठाऊक असून विकणारा माणूस तो माल आपल्या पाळण्यापाशी नेत नाही. आत काय आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तराजूत गुंजेपर्यंत तोलणारा माणूस, ज्याला डोळे मिटून हिरडा आणि बेहडा वेगळा करता येत असेल, त्याच्या हातात मुंबईहून आलेली डबी ठेवली आणि त्यानेही झाकणावरचं चित्रच वाचलं.

संध्याकाळी आत्याकडे गेले. तिला पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आजीला सहा झाली, जगली चार.” कोणती दोन, कधी गेली, हे तिला माहीत नाही. शके १८३६ च्या त्या सात नोंदींशी त्याचा संबंध आहे असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही, म्हणून चिठ्ठीवर तसं लिहिणार नाही. नोंद आहे तशी लिहीन.

“घरचं आहे, लिहू का?” मी विचारलं.

“लिही. नावासकट लिही.”

१४ सप्टेंबर

चिठ्ठ्या लिहून झाल्या, ४१. बहुतेक दोन ओळींच्या. बीचमच्या तक्त्याशेजारी पणजोबांच्या वहीतला बोळाचा आणि सुंठीचा भाव लावला. डबी ७ ची चिठ्ठी सगळ्यात लांब झाली, चार वेळा लिहिली. शेवटी अशी :

‘बाळगोळीची डबी. सुमारे १९१४. आतल्या अवशेषात अफूची लक्षणं आढळली. डबीवर घटकांचा उल्लेख नाही. ही गोळी आमच्या पणजोबांनी दुकानात विकली आणि घरी आणली. दोन्ही नोंदी शेजारच्या वहीत आहेत.’

दादाने वाचून पाहिली. ‘आमच्या पणजोबांनी’ च्या पुढे स्वतःच्या हाताने त्यांचं पूर्ण नाव घातलं.

२१ सप्टेंबर

शाळेतला वर्ग बघून आले. खिडकीखालचं टेबल घेतलंय, ऊन पडतं म्हणून पत्रकांवर टिपकागद घालावा लागेल. डब्या काचेखाली. तराजू आणि गुंजा उघड्यावर, मुलांनी तोलून बघायला.

आत्याने सहाण दिली. फडक्यात जिन्नसही बांधून दिले, वेखंड बाजूला काढून. सहाण पंचवीस तारखेच्या रात्रीच परत हवी म्हणाली, नातसुनेचं बाळंतपण दिवाळीच्या आसपास आहे आणि त्याआधी तिला ती घासून, उन्हात वाळवून ठेवायची आहे.